गॅस नसलेले स्वयंपाकघर

दारव्हा तालुक्यातले बोरी अरब हे कापसाच्या पट्ट्यातले गाव. अशा गावांत चुलीपुढे बसणारी बाई सगळे जळण एकाच मापाने मोजत नाही. कापूस वेचून संपला की उपटलेल्या पऱ्हाट्या घरामागे रचल्या जातात. त्या भुरकन पेटतात आणि तितक्याच लवकर विझतात, म्हणून भाकरी टाकायला बऱ्या. तुराट्यांचेही तसेच. बाभळीचे लाकूड पेटताना रडवते, पण एकदा त्याचा निखारा झाला की डाळीचे गाडगे त्यावर निर्धास्त ठेवून शेजारी जाऊन यावे. आणि रोडगे करायचे तर गोवऱ्यांचा जगराच हवा, कारण गोवरी भडकत नाही, धुमसते. कशाची आच किती वेळ टिकेल, कशाच्या धुराचा वास अन्नाला लागेल आणि कशाचा लागू द्यायचा नाही, हे कोणी लिहून ठेवलेले नाही. ते हाताला आणि डोळ्याला माहीत असते.

याच यवतमाळ जिल्ह्यात, बोरी अरबपासून शंभरेक किलोमीटरवर, पांढरकवड्याच्या बाजूला हे ज्ञान एका महागड्या उपाहारगृहाच्या कामी आले आहे. टिपेश्वर अभयारण्याच्या काठावर ‘टिपाई’ नावाचे निवासस्थान आहे आणि त्यातल्या उपाहारगृहाचे नाव ‘पलाश’. त्याचा स्वयंपाक शेफ अमनिंदर संधू यांनी रचला. तो विस्तवावर होतो आणि करणाऱ्या स्त्रिया आसपासच्या गावांतल्या आहेत. त्यांनी हॉटेलात काम करणे तर सोडाच, व्यावसायिक स्वयंपाकघर पाहिलेही नव्हते. पाहुण्यापुढे एकामागून एक छोटे पदार्थ येतात. निवड त्याची नसते, क्रम स्वयंपाकघर ठरवते. मुंबई-दिल्लीच्या प्रयोगशील उपाहारगृहांची हीच रीत आहे. पण ती पाळायला पाहुण्याला नागपूर-हैदराबाद महामार्ग धरून सागवानाच्या जंगलापर्यंत यावे लागते.

टिपेश्वर हे सुमारे 148 चौरस किलोमीटरचे अभयारण्य, टिपाई देवीच्या नावावरून ओळखले जाणारे. बाहेरच्या लोकांना ते ठाऊक झाले वाघांमुळे. 2019 मध्ये इथून निघालेला रेडिओ कॉलर लावलेला एक तरुण वाघ तेलंगणातून, विदर्भाच्या शेतांतून वाट काढत थेट बुलढाणा जिल्ह्यातल्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला, तेव्हा त्याची बातमी देशभर झाली. त्या वाघांच्या मागे पर्यटक आले आणि पर्यटकांच्या मागे निवासस्थाने. वाघ दिसो न दिसो, पाहुणा दोन वेळा जेवणारच. त्याला काय वाढायचे, या साध्या प्रश्नाला बहुतेक ठिकाणी पनीर, तंदुरी कोंबडी आणि पास्ता हे उत्तर मिळते. पलाशने वेगळे उत्तर शोधले म्हणून त्याच्यावर एक प्रकरण लिहावेसे वाटते.

त्या उत्तराची तयारी मुंबईत झाली होती. संधू मूळच्या आसामातल्या. खारमध्ये 2017 साली सुरू झालेल्या ‘अर्थ’ या उपाहारगृहात त्यांनी गॅसच्या शेगड्या ठेवल्याच नाहीत. कोळसा, लाकूड, शेगडी, चूल, तंदूर एवढ्यावर शहरातले रात्रीचे जेवण उठवायचे, हा त्यावेळी धाडसी निर्णय होता. गॅसची कळ फिरवली की आच वाढते आणि उलटी फिरवली की कमी होते. निखाऱ्याला कळ नाही. भांडे वर-खाली करायचे, राख सारायची, निखारे पसरायचे किंवा गोळा करायचे. एका वेळी चाळीस ताटे सारखी जायला हवीत अशा धंद्यात असे करणे म्हणजे प्रत्येक रात्र नव्याने जुळवणे.

‘प्रयोगशील’ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर मात्र वेगळेच चित्र येते: थाळीतून उठणारा पांढरा धूर, फेसासारखी चटणी, मोत्यासारखे रसाचे दाणे. या चित्राचा उगम पाहिला तर तो आचाऱ्यांपेक्षा शास्त्रज्ञांकडे जातो. ऑक्सफर्डचे भौतिकशास्त्रज्ञ निकोलस कुर्ती अतिशीत तापमानावर संशोधन करत. 1969 साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांनी स्वयंपाकघरातल्या भौतिकशास्त्रावर व्याख्यान दिले आणि मायक्रोवेव्ह भट्टीत बाहेरून थंडगार, आतून ऊन असे मिष्टान्न करून दाखवले. मायक्रोवेव्ह लहरी गोठलेल्या बर्फातून फारशा शोषल्या न जाता आरपार जातात आणि आतल्या द्रवाला तापवतात, एवढाच त्यातला खटाटोप. शुक्रावरच्या वातावरणाचे तापमान आपण जाणतो, पण आपल्या भट्टीतल्या पदार्थाच्या पोटात काय चालले आहे ते जाणत नाही, ही त्यांची खंत होती. 1988 मध्ये फ्रान्सच्या एर्वे तिस यांच्यासह त्यांनी या अभ्यासाला ‘मॉलिक्युलर गॅस्ट्रोनॉमी’ हे नाव दिले.

स्पेनच्या कातालोनिया किनाऱ्यावर फेरान आद्रिया यांनी ‘एल बुली’मध्ये या वृत्तीचे जेवण केले. समुद्री शेवाळापासून मिळणारे अल्जिनेट एखाद्या रसात कालवायचे आणि त्याचे थेंब कॅल्शियमच्या पाण्यात सोडायचे. कॅल्शियम भेटताच थेंबाभोवती पातळ जेलीची कातडी धरते आणि आत रस तसाच राहतो, दाताखाली फुटेपर्यंत. एल बुली वर्षातून सुमारे सहा महिनेच उघडे असे, उरलेला काळ नवे पदार्थ शोधण्यात जाई. हंगामाला सुमारे 8,000 जणांची सोय होई आणि मागणी लाखोंची. 30 जुलै 2011 रोजी ते बंद झाले तेव्हा जगभरच्या स्वयंपाकघरांत त्याची अवजारे पोहोचलेली होती. मुंबईत 2013 साली वांद्रे-कुर्ला संकुलात ‘मसाला लायब्ररी’ सुरू झाले आणि जिलेबीचे मोत्याएवढे दाणे रबडीबरोबर येऊ लागले. लोक ते पाहायला जात, फोटो काढत, आणि खातही.

त्यानंतरच्या पिढीला मात्र दुसराच प्रश्न पडला होता. कोपनहेगनमध्ये 2003 साली सुरू झालेल्या ‘नोमा’ने स्वतःला नॉर्डिक प्रदेशात उगवणाऱ्या, सापडणाऱ्या आणि आंबवता येणाऱ्या वस्तूंशी बांधून घेतले. लिंबू उगवत नाही तर आंबटपणा कुठून आणायचा? मुंग्यांतून, आंबवलेल्या फळांतून, समुद्रकाठच्या रोपांतून. मुंबईत महालक्ष्मीला जुन्या लोकरीच्या गिरणीच्या आवारात 2016 साली अदिती दुगर आणि शेफ प्रतीक साधू यांनी ‘मास्क’ सुरू केले, तेही याच वाटेने. मेनूकार्डातून निवड नाही, स्वयंपाकघर देईल ते दहा पदार्थ. आणि कच्चा माल परदेशातून मागवण्याऐवजी लडाखच्या सीबकथॉर्नसारखी, देशातच दुर्लक्षित राहिलेली फळे आणायची. 2022 मध्ये आशियातल्या पन्नास उत्तम उपाहारगृहांच्या यादीत मास्क एकविसावे आले, 2023 मध्ये सोळावे. साधू पुढे बाहेर पडले आणि त्यांनी हिमाचलात कसौलीजवळ डोंगरात ‘नार’ उघडले. साधारण त्याच काळात मास्कचे स्वयंपाकघर वरुण तोतलानी यांच्याकडे आले. ते 2016 पासून तिथेच होते, अगदी खालच्या पायरीवरून चढलेले.

पलाश या ओळीत बसते, पण एका बाबतीत पुढे जाते. नोमाने आणि मास्कने जिन्नस मुळाकडून घेतले. शिजवणारे हात प्रशिक्षित होते. पलाशमध्ये हातही तिथलेच आहेत.

हे हात काय जाणतात, ते पाहायला रोडग्यांशी थांबले पाहिजे. जाडसर दळलेली गव्हाची कणीक, मीठ, ओवा, तेलाचे मोहन. गोळा लाटून, तेल लावून, पापुद्रे राहतील असा वळायचा. जगरा पेटवून त्याचा जाळ पूर्ण बसू द्यायचा, आणि मगच निखाऱ्यांत रोडगे खुपसून वरून गरम राख ओढायची. रसायनशास्त्राच्या बाजूने पाहिले तर इथे दोन गोष्टी एकाच वेळी चालतात. बाहेरचा पृष्ठभाग कोरडा होऊन 140 अंशांच्या पुढे जातो आणि तिथे साखर व अमिनो आम्ले एकमेकांवर क्रिया करून तपकिरी रंग आणि शेकडो सुगंधी द्रव्ये तयार करतात. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई-कामीय मायार यांनी 1912 साली वर्णन केलेली ही प्रक्रिया. आत मात्र पाणी असेतो तापमान शंभराच्या वर जात नाही, म्हणून गाभा वाफेवर शिजतो. जाळ असताना रोडगे घातले तर बाहेरून कोळसा आणि आत कच्ची कणीक. जगरा बसण्याची वाट पाहणे हाच सगळा कौशल्याचा भाग आहे. बाहेर काढून फडक्याने राख झटकायची, मुठीने फोडायचे, तूप ओतायचे, आणि शेजारी वांग्याची भाजी. अमरावती जिल्ह्यातल्या बहिरमच्या यात्रेत याच रोडग्यांबरोबर मातीच्या हंडीतले मटण असते आणि त्यासाठी माणसे लांबून येतात.

पानगे त्याहून नाजूक. कणकेची जाड चानकी पळसाच्या दोन पानांत ठेवून निखाऱ्यावर भाजायची. पान ओले असते, त्यामुळे आधी वाफ देते, मग स्वतः करपते आणि आपला वास कणकेला देऊन जाते. युरोपातल्या महागड्या स्वयंपाकघरांत मासा अंजिराच्या पानात भाजतात तेव्हा नेमके हेच साधायचे असते. पळस हे झाड यवतमाळच्या माळावर कोणीही लावलेले नाही; ते आहेच. त्याच्या पत्रावळीवर या भागातल्या कितीतरी पिढ्या जेवल्या. उपाहारगृहाला त्याचे नाव मिळाले हे म्हणूनच योग्य वाटते.

आणि उपड्या मातीच्या मडक्यावर भाजली जाणारी लांबपोळी! सैलसर कणीक तिंबून, आपटून तिला इतकी तार आणतात की गोळा दोन्ही हातांवर झुलवत कोपरापर्यंत पसरतो आणि तसाच मडक्यावर टाकला जातो. कणकेतले ग्लुटेन किती ताणले गेले आहे हे सांगणारे यंत्र पाव बनवणाऱ्या कारखान्यांत असते. नागपूर-वऱ्हाडच्या बायका ते मनगटाने ओळखतात.

लाकडाच्या आचेकडे जगातली नावाजलेली स्वयंपाकघरे पुन्हा वळली आहेत, त्यालाही कारण आहे. स्पेनच्या बास्क भागात, आत्शोंदो खोऱ्यातल्या एका छोट्या गावात ‘असादोर एत्शेबारी’ आहे. 1990 मध्ये व्हिक्तोर आर्ग्विन्सोनिस यांनी ते सुरू केले. ते माशाला एक लाकूड वापरतात, मांसाला दुसरे, आणि जाळीची उंची चाकाने वर-खाली करतात. जगातल्या उत्तम उपाहारगृहांच्या यादीत ते वर्षानुवर्षे वरच्या क्रमांकावर आहे. लाकडातले लिग्निन जळताना ग्वायाकोल आणि सिरिंगोल ही द्रव्ये सुटतात. धुराचा जो वास आपल्याला भूक लावतो तो मुख्यतः त्यांचा. लाकूड बदलले की त्यांचे प्रमाण बदलते. निखारा उष्णता किरणांनी देतो, हवेतून येणाऱ्या गरमाईपेक्षा वेगळ्या रीतीने, म्हणून पृष्ठभाग झटकन तापतो. चरबीचा थेंब निखाऱ्यावर पडला की त्याचा धूर परत पदार्थाला लागतो. गॅसवर यातले फारसे काही घडत नाही.

तरी चुलीच्या स्तुतीत वाहून जाणे अन्यायाचे होईल. ग्रामीण स्त्रीने चूल सोडली ती चव कळत नाही म्हणून सोडली नाही. बंद घरात धूर छातीत जातो, डोळे जातात, सरपणासाठी रानात जाताना टिपेश्वरच्या आसपास तर जिवाची भीती असते. 1 मे 2016 रोजी उज्ज्वला योजना सुरू झाली आणि गॅसची जोडणी गावोगाव पोहोचली, ती गरजेचीच होती. उंच छताच्या, धूर बाहेर खेचणाऱ्या स्वयंपाकघरात पगार घेऊन चुलीवर शिजवणे आणि पर्याय नाही म्हणून शिजवणे यांत फार मोठे अंतर आहे. पलाशसारख्या प्रयोगाचे मोल ठरवताना मला हा पगार पदार्थांइतकाच महत्त्वाचा वाटतो. जी गोष्ट घरी फुकट करावी लागते म्हणून कोणी कौशल्यात धरत नाही, तिला तिथे कामाचा दर्जा मिळतो.

आता जिन्नसांकडे. मोहाचे उदाहरण सगळ्यांत बोलके. मार्च-एप्रिलमध्ये पहाटेच्या सुमारास मोहाची फुले टपटप गळतात आणि उजाडताच बाया-मुले ती वेचतात. मांसल, रसाळ, साखरेने भरलेली. वाळवली की मनुकांसारखी होतात आणि वर्षभर टिकतात. कोलाम आणि गोंड घरांत ती उकडून, भाजून, भाकरीत घालून खाल्ली गेली, दुष्काळात तर तीच आधार. पण सरकारदरबारी मोह म्हणजे दारू. मुंबई इलाख्यात ठाणे-कुलाबा भागासाठी 1892 मध्येच मोहफुलांवर निर्बंध घालणारा कायदा आला. 1949 च्या मुंबई दारूबंदी कायद्यातही मोहफुलांची साठवण आणि वाहतूक नियमांच्या कचाट्यात राहिली. महाराष्ट्राने हे निर्बंध सैल केले ते 2021 साली. म्हणजे एका फुलाला खाद्यपदार्थ म्हणून मोकळेपणी बाजारात यायला सव्वाशे वर्षांहून जास्त काळ लागला. पुढारलेल्या स्वयंपाकघरांत आज मोहाचा पाक, मोहाचे आइस्क्रीम होते, त्यामागे हा इतिहास आहे, आणि ते वाढणाऱ्याने पाहुण्याला सांगितलाच पाहिजे.

अंबाडी, चारोळी, बिब्ब्याची गोडंबी, जवस, करडई ही नावे अशीच. अंबाडीची भाजी, तीत ज्वारीच्या कण्या, वरून लसणाची फोडणी दिलेले तेल: हे वऱ्हाडातल्या घरांचे साधे जेवण. आंबटपणाचा जो शोध नोमाला मुंग्यांपर्यंत घेऊन गेला, तो इथे अंबाडीने, चिंचेने आणि ताकाने केव्हाच सोडवलेला आहे.

अडचण अशी की ही शिवारे आता तशी राहिलेली नाहीत. गेल्या तीन-चार दशकांत विदर्भात सोयाबीन आले आणि ज्वारी मागे सरली. ज्वारीला राखण लागते, पाखरे कणसे खातात, काढणीला माणसे मिळत नाहीत, भाव बेभरवशाचा. ज्वारी गेली तसा कडबाही गेला, मग घरची जनावरे कमी झाली, मग शेण, आणि जगऱ्याच्या गोवऱ्याही. बोरी अरबच्या आसपासच्या कोणत्याही शेतकऱ्याला ही साखळी समजावून सांगायला नको. 2023 हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे झाले, ताटांत ज्वारीचे कौतुकही झाले. पण एका उपाहारगृहाला लागणारी दोन-चार पोती ज्वारी तालुक्याचा पेरा बदलू शकत नाही. तिथल्या मुक्कामाचा खर्च शेतमजुराच्या कित्येक आठवड्यांच्या मजुरीएवढा आहे, त्यामुळे गावातली माणसे तिथे पाहुणी म्हणून जाणार नाहीत, हेही उघड आहे. म्हणून श्रेय आणि दाम यांचा हिशेब चोख हवा. पाककृती कोणत्या घरातून आली, मोह कोणी वेचला, त्याचा भाव काय दिला, हे पदार्थाच्या नावाइतकेच ठळक असावे. 2006 च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर वननिवासी समाजांचा मालकीहक्क मान्य केला आहे. जंगलातले जिन्नस वापरणाऱ्या स्वयंपाकघराचा करार त्या हक्काच्या पायावरच व्हायला हवा, आणि माल अभयारण्याबाहेरचा, बांधांवरचा आणि गावांच्या वाट्याच्या रानातला असायला हवा.

एक पेच मात्र नियमांचा नसून ऋतूंचा आहे. पर्यटकांचा हंगाम ऑक्टोबर ते जून. थंडीत कोवळ्या कणसांचा हुरडा मिळतो, गोवऱ्यांच्या आगटीवर भाजलेला, तळहातावर चोळून पाखडलेला. तो पाहुण्यांच्या वाट्याला येतो. मार्च-एप्रिलचा मोह येतो, उन्हाळ्यातली चारोळी येते. पण यवतमाळच्या रानाचे सर्वांत भरलेले ताट पावसाळ्यातले: मृगाच्या सरींनंतरचा कोवळा तरोटा, मग काटवल, बांबूचे वास्ते, वारुळांजवळ उगवणाऱ्या सात्या. जुलै ते सप्टेंबर अभयारण्य पर्यटनासाठी बंद असते. ऑक्टोबरमध्ये फाटक उघडते तेव्हा तरोटा शेंगांवर आलेला असतो आणि त्याचे पान खाण्याजोगे उरत नाही. जंगल पाहायला येणाऱ्यांना जंगलाची मुख्य भाजी भेटतच नाही.

यावरचा इलाजही वऱ्हाडी घरांतच आहे. वांग्याच्या खुला, वाळवलेली मेथी, सांडगे, वाळवलेला मोह, मिठातल्या चिंचा. एका ऋतूचे दुसऱ्या ऋतूपर्यंत नेण्याची सगळी तंत्रे. नोमाने आंबवण्यासाठी स्वतंत्र प्रयोगशाळा उभारली आणि तिच्या पद्धतींवर 2018 मध्ये जाडजूड पुस्तक काढले. टिपेश्वरच्या काठी तसे काही करायचे तर पावसाळ्याचे बंद महिने त्यासाठीच मोकळे आहेत. पाहुणे नसताना वास्ते खारवता येतील, काटवल कापून वाळवता येतील, सात्या सुकवून त्यांची पूड करता येईल, आणि स्वयंपाकघरातल्या बायांना बिनपाहुण्यांच्या तीन महिन्यांतही पगार मिळेल.